आडून आलेली हाक

सुकन्या जमदाडे बेदाण्यातले देठ वेचत होती, तेव्हा भिंतीतून आवाज आला. बाईचा, चिडका, ओळखीचा. हातातले सगळे खाली टाक, असे तो सांगत होता. सुकन्याने काही खाली टाकले नाही. ती श्वास रोखून थांबली. हनुवटीखाली दोन हलके ठोके पडले आणि तिची बोटे पुन्हा चालू लागली.

दोन ठोके म्हणजे आवाज आतला. एक ठोका म्हणजे बाहेरचा, खऱ्या माणसाचा. तासगावजवळच्या त्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ती नोकरीला लागली आणि दोन वर्षे टिकली, ती या ठोक्यांच्या भरवशावर.

यंत्र बनवणाऱ्यांनी त्याचे नाव ‘साक्षी’ ठेवले होते. निवडणीच्या टेबलावरच्या बायका मात्र त्याला टिकली म्हणत. कातडीच्या रंगाची ती गोल चकती हनुवटीखाली चिकटलेली असे. छबूकाकी तर पहिल्याच दिवशी म्हणाली होती, “आमी कपाळाला लावतो, तू गळ्याला. चालतंय की.” सगळ्या हसल्या, तेव्हा चकतीने एक ठोका दिला. हसणे खरे होते. मग सुकन्याही हसली.

चकतीमागचे शास्त्र तिला नीट समजत होते. आजारी पडण्यापूर्वी ती सांगलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती, आणि पुढे आपल्या आजाराविषयी हाती लागेल ते तिने वाचून काढले होते. माणूस मनातल्या मनात बोलतो तेव्हा मेंदू ऐकण्याच्या केंद्राला आधीच वर्दी देतो, की हे आपलेच आहे, दचकू नकोस. आपल्याला आपल्याच हाताने गुदगुल्या होत नाहीत, त्याचे कारणही अशीच एक वर्दी. तिच्या आजारात ती वर्दी वाटेत हरवते. मग आपलेच न बोललेले शब्द परक्याच्या तोंडचे होऊन कानावर येतात. पण मेंदू विसरला तरी गळा विसरत नाही. मनातल्या शब्दांबरोबर स्वरयंत्राचे स्नायू कोणाला दिसणार नाहीत इतके बारीक हलतात. चकती ती हालचाल टिपायची, त्याच वेळी बाहेरचे आवाज ऐकायची आणि दोन्ही ताडून निकाल द्यायची. गळा हलतो आहे आणि बाहेर त्या जोडीचा आवाज नाही, असे असेल तर दोन ठोके.

औषधांनी तिचे आवाज कमी झाले होते, गेले नव्हते. ते अजून येत. पण ते आले की काय करायचे हे आता ठरलेले होते. काही करायचे नाही.

तिला ही नोकरी रेहाना तांबोळीने मिळवून दिली होती. रेहानाताईचे कामच ते. ज्यांना असा मोठा मनाचा आजार आहे त्यांना काम शोधून द्यायचे, पहिले काही आठवडे कामावर त्यांच्या शेजारी बसायचे, मालकाशी बोलायचे, आणि मग हळूहळू, सायकल शिकवणारा मागचा हात काढून घेतो तसे बाजूला व्हायचे. बाजूला होण्याआधी तिने स्टोरेजमधल्या सगळ्यांना एक नियम घालून दिला होता. सुकन्याला आडून हाक मारायची नाही. तिच्याशी बोलायचे तर समोर यायचे, तिला दिसायचे आणि मग तोंड उघडायचे. यंत्र कधी चुकलेच तरी तिला कळावे, की जो दिसत नाही तो नाहीच.

नियम ऐकून आधी थट्टा झाली. मग सगळ्यांना त्याची सवय लागली. बेदाणा ठेवायच्या थंड चेंबरमध्ये बॉक्स लावणारा हणमंत लोहार, ज्याला सगळे मामा म्हणत, तो तर खांद्यावर ओझे घेऊन आख्ख्या टेबलाला वळसा घाली, तिच्या पुढ्यात उभा राही आणि म्हणे, “सरक जरा, पोरी.” मागून म्हटले असते तर चार पावले वाचली असती. त्याने ती कधी वाचवली नाहीत.

दुसरा नियम विमा कंपनीचा होता. चकतीने आवाज आतला ठरवला आणि तरीही सुकन्या त्या आवाजामागे गेली, तर तशी सूचना मॅनेजर शिरोटेंच्या आणि रेहानाताईच्या फोनवर जायची. त्याच दिवशी तिला घरी पाठवायचे. डॉक्टरांचे नवे प्रमाणपत्र येईपर्यंत परत घ्यायचे नाही. आणि तोवर जागा रिकामी ठेवण्याचे बंधन कोणावर नव्हते.

हा नियम कोणी तिच्या वाईटावर टपून केलेला नव्हता. त्याची गरज तिच्याइतकी कोणाला पटलेली नव्हती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तिला शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीतून मूल रडताना ऐकू येऊ लागले होते. काढा मला, काढा मला, असे ते म्हणे. तिने पहारीने टाकीचे झाकण फोडले. आत पाणी होते. तिला वाटले, मूल तळाशी असेल, म्हणून तिने टाकीही फोडली. लोकांनी तिला धरून बाजूला केले, तरी तिला त्या फुटक्या टाकीतून हाका ऐकू येतच होत्या. पुढे कितीतरी बंद दारे, पेट्या आणि विहिरी तिला हाक मारत राहिल्या. त्या दिवसांकडे परत जाण्याइतके भय तिला दुसऱ्या कशाचेही नव्हते.

त्या शनिवारी काम दुपारीच संपले. लग्नसराई होती. सावळजच्या एका लग्नाला निम्मे लोक जाणार होते, त्यामुळे सगळे घाईघाईने निघून गेले. सुकन्याला वऱ्हाडाच्या गर्दीत जायचे नव्हते. तिने ट्रे धुऊन पालथे घातले, टेबल पुसले आणि चप्पल घालून ती चेंबरसमोरच्या लांब बोळातून गेटकडे निघाली. कॉम्प्रेसरची घरघर चालू होती.

शेवटच्या चेंबरपाशी ती आली आणि आतून कोणीतरी म्हणाले, “काढा की रं कुणीतरी.”

ती थांबली. आवाज फार बारीक होता, घरघरीच्या खालून सरपटत आल्यासारखा. घाबरली की ऐकलेले शब्द मनात पुन्हा पुन्हा घोळवायची तिला लहानपणापासून सवय होती. काढा की रं, काढा की रं, असे तिच्या आत चालू झाले. दाराकडे तिने पाहिले. जाड, पांढरे, बंद दार. तिच्यासमोर कोणी नव्हते.

दोन ठोके पडले.

तिने डोळे मिटून घेतले. टाकीच, तिच्या मनात आले. पुन्हा टाकी. आतून आणखी एक हाक आली, पहिलीहून बारीक, आणि पुन्हा दोन ठोके. सुकन्या चालू लागली. चालत राहायचे, रेहानाताईने शिकवले होते, आवाज मागे ओरडतो तर ओरडू दे, तो दमत नसतो, आपणच दमायचे नाही. बोळ संपला. अंगणात ऊन होते. गेटवरचा वॉचमन खुर्चीत बसून फोन बघत होता.

गेटपर्यंत जाताना तिच्या लक्षात आले की मागे कोणी ओरडत नाही.

ती थांबली. तिने कान दिला. आवाज बंद झाला होता.

अंगावर ऊन असूनही तिला थंडी वाजली. तिचे आवाज कधी बंद होत नसत. पाठ फिरवली की ते मोठे व्हायचे, शिव्या द्यायचे, रस्ताभर मागे यायचे, जेवताना ताटात बसायचे. कोणाची गैरसोय होते आहे म्हणून गप्प बसणे त्यांना माहीतच नव्हते. आणि हा आवाज दोनदा हाक मारून गप्प बसला होता.

आपले आवाज असे वागत नाहीत. असे माणूस वागते.

ती परत फिरली. हा विचारही आजाराचाच असेल, हे तिला कळत होते. टाकीच्या वेळीही तिच्याकडे कारणे होती, एकाहून एक चोख. तिने दाराच्या कड्यावर हात ठेवला. चकतीने ओळखले असावे, कारण हनुवटीखाली आता ठोके नव्हते, लांबलचक कंप होता. इशारा. तिने कडे खेचले.

आत अंधार होता. तिने पाऊल टाकताच दिवे आपोआप लागले आणि समोर बॉक्सच्या थप्प्या दिसल्या, सरळ, एकावर एक, नेहमीसारख्या. कोणी नव्हते. ती तशीच उभी राहिली. तोंडातून वाफ निघत होती. मग तिला मागच्या रांगेत एक थप्पी कमी दिसली. ती तिकडे गेली. बॉक्स ढासळून ढीग झाला होता आणि ढिगाच्या बाहेर मामाचा काळा गमबूट आला होता. बुटात पाय होता.

खिशातला फोन वाजला. शिरोटे होते. सावळजची वाजंत्री मागे ऐकू येत होती. ते दूर होते, दिसत नव्हते, पण फोनवरच्या बोलण्याला चकती एक ठोका देत असे. आत्ताही दिला.

“सुकन्या, चेंबरचं दार लाव आणि बाहेर ये,” ते शांतपणे म्हणाले. “मी रेहानाताईंना कळवलंय.”

“साहेब, मामा आत आहेत. अंगावर बॉक्स पडलेत.”

पलीकडे क्षणभर नुसती वाजंत्री. “टिकली काय म्हणते?”

“दोन.”

“मग?”

ती खाली वाकली. बुटाच्या वर पायाला तिने हात लावला. तिच्या आजाराने तिला ऐकवले खूप होते, पण स्पर्शाची फसवणूक कधी केली नव्हती. पाय लाकडासारखा गार होता. बोटांखाली तो किंचित हलला.

“मग तुम्ही या,” ती म्हणाली आणि फोन जमिनीवर ठेवून बॉक्स ओढू लागली. थोड्या वेळाने ती धावत गेटवर गेली, वॉचमनच्या समोर उभी राहिली आणि त्याने आपल्याला पाहिले याची खात्री झाल्यावरच बोलली. वॉचमनलाही शिरोटेंचा फोन येऊन गेला होता. तो तिच्याकडे बघत राहिला. तिने त्याचा हात धरला आणि ओढतच त्याला आत नेले.

हणमंतमामा वाचला. दंड मोडला होता, दोन बरगड्याही. आतून दार उघडायचा खटका दारापाशी होता आणि तो मागच्या रांगेत ढिगाखाली अडकला होता. त्याच्या घरच्यांना तो परस्पर लग्नाला गेला असे वाटले होते, लग्नातल्यांना तो घरी असेल असे. सोमवारपर्यंत कोणी दार उघडले नसते.

सुकन्या आणि रेहानाताई त्याला बघायला तासगावच्या दवाखान्यात गेल्या. त्याची बायको बाहेर चहा आणायला गेली होती. मामाने सुकन्याला समोर स्टुलावर बसायला सांगितले.

“तुझी पावलं ओळखली मी,” तो म्हणाला. “ट्रे धुऊन जातीस तशी. दोन हाका मारल्या.”

“ऐकल्या मी.”

“मग ध्यानात आलं, ही तर सुकन्या हाय. आडनं हाक मारायची न्हाई. पोरगी भिऊन जाईल, उगं आजार उलटंल.” त्याने नजर छताकडे वळवली. “म्हणून गप बसलो. म्हटलं, दुसरं कोण तरी जाईल वाटंनं.”

रेहानाताई खिडकीशी उभी होती. नंतर रिक्षात बसल्यावर तिने तोंडावर ओढणी धरली, बराच वेळ.

पुढच्या आठवड्यात पुण्याहून इंजिनिअर आला. तरुण, नम्र माणूस होता. त्याने त्या दुपारच्या खुणा पडद्यावर उलगडून दाखवल्या. दारापलीकडचा आवाज चकतीपर्यंत पोचला होता, पण तो कॉम्प्रेसरच्या घरघरीपेक्षा क्षीण, म्हणून गोंगाटाबरोबर गाळला गेला. आणि सुकन्याचा गळा त्या वेळी हलत होता, कारण ती ऐकलेले शब्द मनात घोळवत होती. बाहेर शांतता, गळ्यात शब्द. यंत्राने त्याच्या नियमाप्रमाणे बरोबर निकाल दिला होता. झाल्या घटनेची नोंद अपवाद म्हणून रद्द करण्यात आली आहे, ती पुन्हा कामावर येऊ शकते, असे त्याने सांगितले.

“याआधी दोन ठोके पडले, तेव्हाही असं झालं असेल?” तिने विचारले.

“शक्यता अगदीच कमी आहे, मॅडम.”

कमी आणि शून्य यांतला फरक तिला कॉलेजात शिकवलेला होता. त्या संध्याकाळपासून तिला आठवू लागले. कवठ्याच्या एसटी स्टँडमागे एकदा बाई रडली होती, सोडा, सोडा म्हणत. दोन ठोके पडले होते आणि ती गाडीत चढून खिडकीशी बसली होती. गाडी सुटली तेव्हा रडणे ऐकू येत होते का? की ते थांबले होते? ती आठवायचा प्रयत्न करी आणि रात्री उठून बसे. आईने विचारले तर सांगता येईना. दोन वर्षांत तिने ज्या ज्या हाकेकडे पाठ फिरवली होती, ती प्रत्येक आता वळून तिच्याकडे बघत होती.

शिरोटेंनी विमा कंपनीकडे विचारणा केली. चकतीशिवाय तिला कामावर ठेवता येणार नव्हते, आणि चकती लावली की तिचा निकाल पाळायचा होता. एकदा अपवाद झाला, दुसऱ्यांदा होणार नाही. शिरोटे वाईट माणूस नव्हते. हे सांगताना ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले.

रेहानाताई म्हणाली, घाई करू नकोस, महिनाभर थांब. सुकन्याने मान हलवली नाही. घरी बसून आवाज थांबणार नव्हते.

“सगळ्यांचंच असं असतं गं थोडं,” रेहानाताई तिची समजूत घालत म्हणाली. “मी रोज जिना उतरून परत वर जाते, गॅस बंद केलाय का बघायला.”

“तुम्ही परत जाऊन बघता,” सुकन्या म्हणाली. “तुम्हाला कोणी घरी पाठवत नाही.”



सोमवारी ती कामावर गेली. छबूकाकीने तिच्यासाठी जागा पुसून ठेवली होती. हणमंतमामा गळ्यात हात बांधून आला होता, बॉक्स उचलायला नव्हे, नुसता. घरी करमत नाही म्हणाला, आणि दाराशी स्टुलावर बसून नवीन हमालांना थप्पी कशी लावायची ते सांगत राहिला. सगळे सुकन्याच्या समोर येऊन बोलत होते, पूर्वीपेक्षाही जास्त काळजीने.

हाक थोड्याच वेळात आली. चेंबरच्या बाजूने. काढा मला.

दोन ठोके.

सुकन्याने खाली मान घालून देठ वेचले. काढा मला, आवाज म्हणत होता, तू ऐकलंस, तू ऐकूनही बसलीस. तिने कान दिला, आणि आवाज वाढला तसतसा तिचा जीव थोडा थोडा खाली बसू लागला. ओरड, ती मनात म्हणाली. ओरडत राहा. जोवर ओरडत होता तोवर तो तिचाच होता. सकाळभर तो ओरडला. तिने घमेलेभर बेदाणा निवडला. आवाजाने शिव्या दिल्या, आईचे नाव घेतले, आणि ती जवळजवळ कृतज्ञ होती.

जेवणाच्या सुट्टीआधी तो थांबला.

एकदम, वाक्य अर्धे टाकून. सुकन्याची बोटे जागीच थांबली. बायका बोलत होत्या, बेदाणे चाळणीतून खडखडत होते, आणि चेंबरच्या बाजूला काहीच नव्हते. आजाराने शिकून घेतले, तिला वाटले. गप्प बसले की मी येते, हे त्याला कळले आहे. तिला हे पक्के ठाऊक होते. आणि हेही ठाऊक होते, की त्या शनिवारी गेटपाशी उभी असतानाही तिला असेच काहीतरी पक्के ठाऊक होते.

ती उठली. हनुवटीखाली लांब कंप सुरू झाला. टेबलावरचे बोलणे एकेक करून बंद पडले. हणमंतमामाने स्टूल सोडले आणि तो तिच्या वाटेतून बाजूला झाला. तिने शेवटच्या चेंबरचे कडे खेचले.

दिवे लागले. ती प्रत्येक रांगेतून फिरली, मागच्या भिंतीपर्यंत. थप्प्या सरळ होत्या. कोणी नव्हते.

ती बाहेर आली तेव्हा शिरोटे फोन हातात धरून समोरून येत होते. ते तिच्या पुढ्यात उभे राहिले, तिला दिसेपर्यंत थांबले, मगच बोलले. तिने आज घरी जावे. डॉक्टरांचे पत्र आले की बघू. 

“साहेब,” मागून छबूकाकी पुढे आली, तिच्या आणि त्यांच्या मधे, “दार उघडल्यानं जरा थंडी गेली. माणूस तर न्हाई गेलं.”

“काकी, माझ्या हातात नाही.”

“मग कुणाच्या हातात हाय?”

 मामा भिंतीकडे बघत होता. सुकन्याला कोणाचा राग आला नव्हता. नोकरी गेली हे तिला कळले होते, आणि उद्याही आवाज थांबला असता तर आपण उठलोच असतो, हेही. चप्पल घालण्याआधी दार तेवढे लावते, असे ती म्हणाली.

तिने दार ओढून निम्मे लोटले. मग थांबली. उरलेल्या फटीला तोंड लावून तिने आत हाक मारली, मोठ्याने, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी.

“कोणी आहे का आत?”

थंड हवा तिच्या चेहऱ्यावर येत राहिली. कॉम्प्रेसर घरघरत होता. मागे कोणी हलले नाही.

उत्तर आले नाही. म्हणून ती आणखी थोडी थांबली.